खातेदाराचे नाव आणि खातेदाराचा क्रमांक
संगणकावरील ओळख-क्रमांक बदलण्याविषयी काही विचार

१. विषयप्रवेश

वसईचे नाव दप्तरोदप्तरी बदलत आले आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याजकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा त्यांच्या कागदांत तो आपल्या उच्चाराने उतरला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला सर केल्यावर तो मराठ्यांच्या कागदांत आला. पुढे इंग्रजी अमदानीत त्याचे ‘बॅसीन’ झाले आणि रेल्वेचे स्थानक दीर्घकाळ ‘बॅसीन रोड’ या नावानेच ओळखले जात असे. आज ते ‘वसई रोड’ आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. इतके फेरबदल होऊनही शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे फारसे अडले नाही. कारण त्याच्या जमिनीची ओळख गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावापेक्षा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांवर अधिक उभी होती. नाव बदलले तरी नंबर टिकला म्हणून व्यवहार टिकला.

परंतु हा नंबरच जेव्हा बदलतो, तेव्हा काय होते? मुंबई राज्याच्या १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये ज्या गावी जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अशा गावी जुने खरेदीखत हाती घेऊन आलेल्या मनुष्यास जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ दाखविणारा तक्ता मिळाला नाही, तर आपली जमीन कोणती हे कागदावरून सिद्ध करणे त्यास दुरापास्त होते. जमीन जागच्या जागी असते, मालकही तोच असतो, पण त्या दोहोंस जोडणारा धागा तुटलेला असतो.

संगणकावरील वापरकर्त्याचा ओळख-क्रमांक बदलण्याचा प्रश्न स्वरूपतः हाच आहे. वरवर पाहता तो केवळ संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा प्रश्न वाटेल. परंतु ज्या विभागात संशोधनाची साधने, म्हणजे ध्वनिमुद्रणे, मुलाखती, हस्तलिखितांच्या प्रतिमा इत्यादी, संगणकात साठविली जातात, तेथील प्रत्येक अभ्यासकाशी त्याचा संबंध पोहोचतो. म्हणून त्याचे थोडे सविस्तर विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

२. नाव हे दर्शनी, क्रमांक हा आधार

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींत प्रत्येक खातेदारास दोन ओळखी असतात. एक नाव, जे मनुष्यासाठी असते. आणि दुसरा क्रमांक, जो यंत्रासाठी असतो. ‘इटीसी’ या निर्देशिकेतील ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते. तीत विसर्गासारख्या दुहेरी टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने असतात: नाव, परवलीच्या शब्दाची जागा, खातेदाराचा क्रमांक, त्याच्या मुख्य समूहाचा क्रमांक, पूर्ण नावादी माहिती, गृहनिर्देशिका आणि प्रवेशानंतर सुरू होणारा आज्ञावली-कार्यक्रम.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. एखादी फाईल कोणाच्या मालकीची आहे याची नोंद त्या फाईलच्या ‘आयनोड’ नामक अभिलेखात असते, आणि त्या अभिलेखात नाव मुळीच लिहिलेले नसते. तेथे केवळ क्रमांक असतो. फाईलींची यादी मागितली असता पडद्यावर जे मालकाचे नाव दिसते, ते त्या क्षणी वर सांगितलेल्या सात रकान्यांच्या वहीत पाहून आणलेले असते. वहीत तो क्रमांक सापडला नाही, तर नावाच्या ठिकाणी नुसता आकडा उमटतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. खातेदाराचे नाव बदलणे ही त्या मानाने हलकी गोष्ट आहे. वहीतील एक शब्द बदलला की त्याच्या सर्व फाईली नव्या नावाने दिसू लागतात. क्रमांक बदलणे मात्र जड आहे. कारण वहीतील एक आकडा बदलला तरी सहस्रावधी फाईलींवरील जुना आकडा आपोआप बदलत नाही.

या क्रमांकांची व्याप्ती कालमानाने वाढत गेली. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडविलेल्या युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत फाईलच्या अभिलेखात मालकाच्या क्रमांकासाठी एकच बाइट राखलेला होता. अर्थात २५६ हून अधिक क्रमांक शक्य नव्हते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही जागा सोळा बिटांची झाली, आणि २००१ साली आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत बत्तीस बिटांचे क्रमांक आले. शून्य हा क्रमांक प्रारंभापासून सर्वाधिकारी खात्याचा, म्हणजे ‘रूट’चा, आहे. त्या खात्याचे नाव काहीही ठेवले तरी सर्वाधिकार शून्यासच मिळतात, यावरूनही यंत्र नावास नव्हे तर क्रमांकास मानते हे स्पष्ट होते.

सामान्य खातेदारांची गणना कोठून सुरू करावी, हा मात्र केवळ संकेताचा भाग आहे. डेबियन व तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींत ती १००० पासून सुरू होते. रेड हॅटच्या परंपरेत ती पूर्वी ५०० पासून होत असे. फेडोराच्या सोळाव्या आवृत्तीपासून (२०११) व रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (२०१४) तेथेही १००० हा आरंभ मानला गेला. ॲपलच्या संगणकांवर पहिल्या खातेदारास ५०१ हा क्रमांक मिळतो. आणि या सर्व प्रणालींत क्रमांक मिळतो तो खाते उघडण्याच्या क्रमाने. जो आधी आला, त्याचा आकडा लहान. गोंधळाचे बीज नेमके येथे आहे.

३. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक प्रसंग येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. वसईच्या उत्तर पट्ट्यातील सामवेदी, अर्थात कादोडी, बोलीची ध्वनिमुद्रणे करण्याचे काम दोन अभ्यासक करीत होते. एक ज्येष्ठ संशोधिका होत्या व दुसरे त्यांचे कनिष्ठ सहकारी. क्षेत्रकार्यासाठी वसईत ठेवलेल्या संगणकावर प्रथम संशोधिकेचे खाते उघडले गेले, म्हणून त्यांना १००० हा क्रमांक मिळाला व सहकाऱ्यास १००१. विभागातील नव्या डेस्कटॉप संगणकावर मात्र सहकाऱ्याचे खाते आधी उघडले गेले; तेथे त्याला १००० व संशोधिकेस १००१ मिळाला. ध्वनिमुद्रणांची बाह्य हार्ड डिस्क या दोन यंत्रांमध्ये ये-जा करीत असे. साहजिकच विभागात डिस्क जोडली की संशोधिकेच्या फाईली सहकाऱ्याच्या म्हणून दिसत, आणि सहकाऱ्याच्या संशोधिकेच्या.

ही केवळ गैरसोय नव्हती. काही वृद्ध स्त्रियांनी आपल्या घरातील कलहांविषयी, मालमत्तेविषयी आणि लग्नासंबंधी ज्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या ‘तुझ्याखेरीज कोणी ऐकू नयेत’ या स्पष्ट अटीवर. अशा मुद्रणांवर केवळ मालकासच वाचनाची परवानगी ठेवलेली होती. परंतु ‘मालक’ म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एक आकडा. आणि तो आकडा नव्या यंत्रावर दुसऱ्याच मनुष्याचा होता. दिलेला शब्द पाळण्याचे सारे साधन त्या एका आकड्यावर टेकलेले होते.

म्हणून विभागातील संगणकावरचे क्रमांक बदलून ते वसईच्या संगणकाशी जुळवून घ्यावेत असे ठरले. निर्णय योग्य होता, कृती चुकली. ज्याने हे काम अंगावर घेतले, त्याने प्रथम ‘१००० क्रमांकाच्या सर्व फाईली १००१ च्या करा’ अशी आज्ञा दिली आणि ती पूर्ण झाल्यावर ‘१००१ क्रमांकाच्या सर्व फाईली १००० च्या करा’ अशी दुसरी. वाचकांच्या ध्यानात दोष आलाच असेल. पहिल्या आज्ञेनंतर दोघांच्याही फाईली १००१ या एकाच क्रमांकाच्या झाल्या. दुसरीने त्या सर्व १००० च्या केल्या. दूध आणि ताक यांच्या दोन भरल्या भांड्यांची अदलाबदल तिसऱ्या रिकाम्या भांड्यावाचून करू पाहावी, तसा हा प्रकार झाला. त्यातच ती बाह्य डिस्क त्या वेळी जोडलेली होती आणि शोध एकाच फाईल-व्यवस्थेपुरता मर्यादित ठेवण्याची सूचना आज्ञेत नव्हती. ज्या डिस्कवरील क्रमांक मुळात बरोबर होते व ज्यांस हात लावण्याचे कारणच नव्हते, तेही त्यात मिसळले.

गृहनिर्देशिकांतील फाईली कोणाच्या हे निदान निर्देशिकेवरून ओळखता आले. डिस्कवरील मुद्रणे मात्र गावांप्रमाणे लावलेली होती: निर्मळ, नंदाखाल, गास अशी. एकाच गावाच्या कप्प्यात दोघांचीही मुद्रणे होती आणि त्यांना वेगळे करणारी एकमेव खूण, म्हणजे मालकाचा क्रमांक, आता नाहीशी झाली होती. सुदैवाने वसईच्या संगणकावर ‘टार’ पद्धतीने बांधलेले एक जुने गाठोडे होते. अशा गाठोड्यात प्रत्येक फाईलबरोबर मालकाचा क्रमांक व नाव दोन्ही नोंदलेली असतात. त्यावरून, फाईलींच्या आशयाचे अंकात्मक ठसे ताडून पाहून, बहुतेक मुद्रणे मूळ मालकाकडे परत गेली. गाठोडे बांधल्यानंतरची मुद्रणे क्षेत्रकार्याच्या वह्यांवरून ओळखावी लागली. तरीही काही थोडी अशी राहिली की ती कोणी व कोणत्या अटीवर घेतली हे निश्चित सांगता येईना. ती न ऐकता बंद करून ठेवण्यात आली. त्यांतील आशय नष्ट झालेला नाही. पण तो वापरण्याचा अधिकार कोणास आहे हे आज कोणीही सांगू शकत नाही.

४. क्रमांक बदलण्याची रीत

वरील प्रसंगावरून जी शिस्त निष्पन्न होते, ती क्रमाने मांडतो.

(अ) पूर्वतयारी. प्रथम सर्व खात्यांची नावे व क्रमांक यांची यादी कागदावर उतरून घ्यावी. त्यानंतर जुन्या क्रमांकाच्या मालकीच्या सर्व फाईलींची यादी ‘फाइंड’ या आज्ञेने काढून वेगळ्या ठिकाणी जतन करावी. ही यादी म्हणजे एकत्रीकरणातील मेळाचा तक्ताच होय. काही चुकले तर परतीची वाट तिच्यावरूनच सापडते. संपूर्ण साधनसामग्रीची राखीव प्रत तर घ्यावीच; ती मालकीची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीने घ्यावी हे महत्त्वाचे. पेनड्राइव्हवर सामान्यतः असणाऱ्या ‘फॅट’ किंवा ‘एक्सफॅट’ व्यवस्थेत मालकाची नोंद ठेवण्यास जागाच नसते. तिथे केलेली नुसती नक्कल या कामी निरुपयोगी आहे.

(आ) नव्या क्रमांकाची निवड. तो दुसऱ्या कोणत्याही खात्याचा नसावा, सामान्य खातेदारांच्या मर्यादेत (बहुधा १००० ते ६००००) असावा, आणि त्या क्रमांकाची एखादी बेवारस फाईल यंत्रात पडून नाही याचीही खात्री करावी. पूर्वी काढून टाकलेल्या खात्याच्या फाईली कोठेतरी राहून गेलेल्या असतात. त्यांचा क्रमांक नव्या मनुष्यास दिला की तो त्यांचा अनायासे वारस होतो. याच कारणाने, वापरून सोडलेला क्रमांक पुन्हा कोणास न देणे हे उत्तम धोरण समजले जाते.

(इ) खाते रिकामे करणे. ज्याचा क्रमांक बदलावयाचा, तो खातेदार त्या वेळी यंत्रावर काम करीत नसावा. त्याच्या नावे पडद्यामागेही एखादी प्रक्रिया चालू नसावी. तशी असल्यास ‘युजरमॉड’ ही आज्ञा काम करण्यास नकार देते, आणि तो नकार हितकारकच आहे. आपलाच क्रमांक बदलावयाचा असेल तर आधी व्यवस्थापकाचे अधिकार असलेले दुसरे एक तात्पुरते खाते उघडावे व त्यातून हे काम करावे. उबुंटूसारख्या प्रणालीत ‘रूट’ खात्याने थेट प्रवेश करण्याची सोय मुळात बंद असते, म्हणून ही खबरदारी तेथे विशेष आवश्यक आहे.

(ई) प्रत्यक्ष बदल. ‘युजरमॉड’ या आज्ञेस ‘उणे-यू’ हा पर्याय, नवा क्रमांक व खात्याचे नाव दिले की वहीतील आकडा बदलतो, आणि गृहनिर्देशिकेतील त्या खातेदाराच्या फाईलींवरील आकडाही बदलला जातो. त्याबाहेरील फाईलींना मात्र ही आज्ञा हात लावीत नाही. मुख्य समूहाचा क्रमांक बदलावयाचा असल्यास ‘ग्रुपमॉड’ ही निराळी आज्ञा आहे. ती कोणत्याच फाईलीवरील समूह-क्रमांक बदलीत नाही, ते काम स्वतंत्रपणे करावे लागते.

(उ) उरलेल्या फाईली. गृहनिर्देशिकेबाहेर जुन्या क्रमांकाच्या ज्या फाईली राहिल्या, त्या ‘फाइंड’ने शोधून ‘चाऊन’ या आज्ञेने नव्या क्रमांकावर चढवाव्यात. दोन पर्याय येथे विसरू नयेत. ‘एक्सडेव्ह’ या पर्यायाने शोध एकाच फाईल-व्यवस्थेत राहतो आणि जोडलेल्या बाह्य डिस्कवर जात नाही. आणि ‘चाऊन’च्या ‘उणे-एच’ या पर्यायाने सांकेतिक दुव्याचा स्वतःचा मालक बदलतो, दुवा ज्याकडे बोट दाखवितो त्या फाईलीचा नव्हे. बाह्य डिस्क तर काम सुरू करण्यापूर्वी काढूनच ठेवावी.

(ऊ) अदलाबदल. दोन खात्यांचे क्रमांक परस्परांत बदलावयाचे असतील तर तिसरा, कोणाचाही नसलेला क्रमांक मध्ये घ्यावा. वरील उदाहरणात सहकारी १००० वरून ३००१ वर, नंतर संशोधिका १००१ वरून १००० वर, आणि शेवटी सहकारी ३००१ वरून १००१ वर, अशा तीन पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीस खाते आणि त्याच्या सर्व फाईली दोन्ही हलवून, जुन्या क्रमांकाची एकही फाईल उरली नाही हे पाहूनच पुढची पायरी चढावी.

(ए) तपासणी. ‘फाइंड’च्या ‘नोयुजर’ या पर्यायाने ज्यांच्या क्रमांकास वहीत नावच नाही अशा फाईली सापडतात. त्या शून्य असल्या म्हणजे काम बहुतांशी झाले. ‘बहुतांशी’ म्हणण्याचे कारण असे की, काही फाईलींना मालकाखेरीज इतर व्यक्तींच्या परवानग्यांची विस्तारित यादी जोडलेली असते व तीतही क्रमांकच लिहिलेले असतात. ही यादी वरील शोधात दिसत नाही. ती वेगळी तपासावी लागते.

५. विंडोज प्रणालीतील भेद

आपल्याकडील अनेक विभागांत विंडोज प्रणाली वापरात आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. तेथेही तत्त्व तेच आहे. खात्याचे नाव दर्शनी असते आणि अधिकार ‘सुरक्षा-ओळख’ नावाच्या एका लांब संकेतावर ठरतात. त्या संकेताचा बराचसा भाग त्या विशिष्ट यंत्राची ओळख असतो, आणि शेवटचा आकडा खातेदाराचा. अंतर्भूत व्यवस्थापकाचा हा आकडा नेहमी ५०० असतो, आणि नंतर उघडलेली खाती १००० व त्यापुढील आकडे घेतात. यंत्रागणिक पूर्वभाग निराळा असल्यामुळे एका यंत्रावरील १००१ आणि दुसऱ्यावरील १००१ यांची सहसा गल्लत होत नाही. दुसऱ्या यंत्राची डिस्क जोडली तर मालकाच्या जागी अनोळखी संकेत दिसतो. परक्याचे नाव दिसत नाही. म्हणजे लिनक्समध्ये चुकीचा मनुष्य मालक ठरण्याचे भय, तर विंडोजमध्ये कोणीच मालक न ठरण्याचे. एखाद्या खात्याची ही ओळख बदलण्याची सोय मात्र विंडोजमध्ये सामान्य वापरकर्त्यास दिलेली नाही. तेथे नवे खाते उघडून फाईलींचा ताबा त्याच्याकडे सोपविणे हाच मार्ग उरतो.

६. बदल न करता चालेल काय?

क्रमांक बदलणे हे नेहमीच अपरिहार्य असते असे नाही. ‘आर-सिंक’ या साधनाने, पुरेसे अधिकार असताना, फाईलींची नक्कल केली तर ते शक्य तेथे नावावरून मालक जुळविते. क्रमांकच जुळवावेत असे स्पष्ट सांगितले तरच ते क्रमांक पाहते. ‘टार’चे गाठोडे सर्वाधिकारी खात्यातून सोडतानाही हाच नियम आहे. यंत्रायंत्रांत नावे सारखी असतील, तर थेट डिस्क फिरविण्याऐवजी अशी नक्कल करणे पुष्कळदा पुरते. लिनक्सच्या ५.१२ (२०२१) या आवृत्तीपासून डिस्क जोडतानाच एक क्रमांक दुसऱ्याच्या जागी समजावा अशी योजना करता येते. त्यात डिस्कवरील मूळ आकड्यास धक्का लागत नाही. आणि ज्या विभागात दहा-पंधरा संगणक आहेत, तेथे सर्व खाती एका मध्यवर्ती नोंदणीतून देणे हा सर्वांत निर्मळ उपाय होय.

परंतु आपल्यासारख्या लहान विभागांस याहून सोपी एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. महसूल खात्यात गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, असते. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तो प्रथम तीत उतरतो, आणि मग सातबारावर येतो. तशीच एक साधी वही प्रत्येक विभागाने ठेवावी: कोणत्या यंत्रावर, कोणास, कोणत्या दिवशी, कोणता क्रमांक दिला, तो पुढे बदलला असल्यास केव्हा, कोणी व का बदलला. नवे यंत्र आले की खाती उघडण्यापूर्वी ती वही पाहावी, आणि प्रत्येकास त्याचा पूर्वीचाच क्रमांक द्यावा. खाते उघडतानाच इच्छित क्रमांक देण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

वर सांगितलेल्या विभागात अशी वही आता ठेवली जाते. तिच्या पहिल्या पानावर त्या बंद करून ठेवलेल्या मुद्रणांची यादी आहे. प्रत्येकापुढे गावाचे नाव व तारीख आहे, आणि मालकाचा रकाना कोरा आहे.